पाच पूर्णांक आठ छेद दहा आलं कुठून?

वाचकाचं पत्र: «माझा मुलगा सहावीत आहे. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज त्याला काही केल्या जमत नाही. ३ ३/४ आणि २ ५/६ यांची बेरीज त्याने ५ ८/१० अशी लिहिली. मी चूक आहे म्हटलं, तर म्हणाला, 'पूर्णांकात पूर्णांक मिळवले, अंशात अंश आणि छेदात छेद. मग चुकलं काय?' मला उत्तर देता आलं नाही. मी शाळेत पूर्णांक वेगळे ठेवून बेरीज करायला शिकले. त्याच्या वर्गात मात्र आधी दोन्ही अपूर्णांक अंशाधिक करून घेतात, म्हणजे ३ ३/४ चे १५/४ करतात. माझी रीत दाखवली की तो म्हणतो, 'आमच्या बाई असं करत नाहीत.' रोज संध्याकाळी वही उघडली की वाद आणि शेवटी रडारड. मी स्वतः गणितात कच्चीच होते, तेव्हा दोष माझाच असेल. कोणती रीत बरोबर? आणि त्याला समजावू कसं?»

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न फार चांगला आहे. छेदात छेद का मिळवायचा नाही? बहुतेक मुलं हे विचारत नाहीत. समच्छेद करायचे असं सांगितलं की करतात, आठवडाभर बरोबर करतात आणि मग विसरतात. तुमच्या मुलाला कारण हवं आहे. ते कारण त्याला मिळालं, तर ही बेरीज त्याला पुन्हा शिकवावी लागणार नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की उद्या लसावि (दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या), समच्छेद, अंशाधिक यातला एकही शब्द काढू नका. त्याचं स्वतःचं उत्तर त्याच्या समोर ठेवा आणि त्यालाच तपासायला सांगा.

३ ३/४ म्हणजे पावणेचार. २ ५/६ म्हणजे जवळजवळ तीन, फक्त एक षष्ठांश कमी. पावणेचार आणि तीन मिळून होतात पावणेसात. त्यातून तो एक षष्ठांश वजा केला तरी उत्तर साडेसहाच्या आसपास यायला हवं. त्याचं उत्तर आहे पाच पूर्णांक आणि काहीतरी, म्हणजे सहासुद्धा नाही. इथे चूक आहे हे तुम्ही सांगायचं नाही. «अंदाजाने किती येईल?» एवढंच विचारायचं आणि थांबायचं. तो स्वतःच वहीकडे पुन्हा पाहील.

त्याच्यापुढे आणखी एक गोष्ट ठेवा, ती मला जास्त आवडते. पूर्णांक बाजूला ठेवून फक्त अपूर्णांक पाहायला सांगा. ५/६ मध्ये ३/४ मिळवले आणि त्याच्या मते ८/१० झाले. आता ५/६ मोठा की ८/१०? ५/६ ला पूर्ण व्हायला १/६ कमी पडतो. ८/१० ला २/१०, म्हणजे १/५ कमी पडतो. पाचवा भाग सहाव्या भागापेक्षा मोठा असतो, म्हणजे ८/१० ला जास्त कमी पडतंय. थोडक्यात, ८/१० हा ५/६ पेक्षा लहान आहे. एका रकमेत काहीतरी मिळवलं आणि ती रक्कम घटली! बेरजेत असं होऊच शकत नाही. आणि हे या एकाच उदाहरणात घडलं असंही नाही. दोन वेगवेगळ्या किमतींचे अपूर्णांक घेऊन अंशात अंश आणि छेदात छेद मिळवले, तर येणारं उत्तर नेहमी त्या दोघांच्या मधे कुठेतरी पडतं. मोठ्यापेक्षा लहान, लहानापेक्षा मोठं. त्याला हवे ते अपूर्णांक घेऊन करून पाहू दे. दोन-तीन उदाहरणांत त्याची खात्री पटेल, आणि ही खात्री तुमच्या सांगण्यापेक्षा पक्की असेल.

आता «मग चुकलं काय?» याचं खरं उत्तर. त्याने केलेली क्रिया निरर्थक नाही, ती एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्या चाचणीत ४ पैकी ३ प्रश्न बरोबर आले, दुसऱ्या चाचणीत ६ पैकी ५. दोन्ही चाचण्या मिळून किती? १० पैकी ८. इथे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणं अगदी योग्य आहे, कारण इथे «पूर्ण» म्हणजे काय तेच बदललं. आधी पूर्ण म्हणजे चार प्रश्न होते, मग सहा होते, शेवटी दहा झाले. पण ३ ३/४ + २ ५/६ असं लिहितो तेव्हा एक म्हणजे एकच असतो. तो पहिल्या संख्येत, दुसऱ्या संख्येत आणि उत्तरातही तेवढाच राहतो. त्याच एका एककाचे एकदा चार समान भाग केले, एकदा सहा. भाग करणं बदललं, एकक बदललं नाही. मुलाला हे जरूर सांगा. आपलं उत्तर मूर्खपणाचं नव्हतं, दुसऱ्या प्रश्नाचं होतं, हे कळलं की मुलं चूक सोडायला लवकर तयार होतात.

आणि छेदाचं काम काय, तेही इथेच स्पष्ट होतं. अंश सांगतो भाग किती घेतले. छेद सांगतो प्रत्येक भाग केवढा आहे. अंश मोजलेले असतात, म्हणून त्यांची बेरीज होते. छेद मोजलेला नसतो, तो त्या भागाचं माप आहे. तीन चतुर्थांश आणि पाच षष्ठांश मिळून «आठ» झाले हे खरं, पण आठ काय? भाग एका मापाचे नाहीत तोवर या प्रश्नाला उत्तर नाही. समच्छेद करण्यामागचा हेतू एवढाच, की सगळे भाग एका मापाचे व्हावेत आणि मग ते मोजता यावेत.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून घड्याळ घ्या. मला यापेक्षा सोयीचं साधन माहीत नाही आणि तुमचं उदाहरण तर त्यासाठीच बनवल्यासारखं आहे. ३ ३/४ तास म्हणजे ३ तास ४५ मिनिटं. २ ५/६ तास म्हणजे २ तास ५० मिनिटं, कारण तासाचा सहावा भाग १० मिनिटांचा. आता बेरीज करायला सांगा. तास ५ झाले, मिनिटं ९५. पंच्याण्णव मिनिटांतून ६० मिनिटांचा एक तास निघाला, ३५ उरली. उत्तर ६ तास ३५ मिनिटं. त्याला हे जमेल, कारण वेळेची बेरीज त्याला येते. मग विचारा, ४५ आणि ५० का मिळवता आले? कारण दोन्ही मिनिटंच होती. म्हणजे त्याने नकळत दोन्ही अपूर्णांकांना ६० हा छेद दिला होता. ३/४ म्हणजे ४५/६०, ५/६ म्हणजे ५०/६०. तो समच्छेद करूनच बसला होता!

३५/६० ला ५ ने संक्षिप्त रूप दिलं की ७/१२ मिळतात. म्हणजे उत्तर ६ ७/१२. आता हेच कागदावर मांडायचं. इथे एक गोष्ट त्याला ठसठशीत दाखवा. ३ ३/४ या लेखनात बेरजेचं चिन्ह दडलेलं आहे. ३ ३/४ म्हणजे ३ + ३/४. दोन्ही संख्या सुट्या केल्या की चार तुकडे मिळतात, आणि बेरजेत क्रम कसाही बदलता येतो, म्हणून:

३ ३/४ + २ ५/६ = (३ + २) + (३/४ + ५/६)
= ५ + (९/१२ + १०/१२)
= ५ + १९/१२
= ५ + १ + ७/१२
= ६ ७/१२

शेवटून दुसऱ्या पायरीवर पुष्कळ मुलं अडखळतात, म्हणून तिथे जरा जास्त वेळ द्या. काही मुलं ५ १९/१२ लिहून थांबतात. किंमत बरोबर आहे, मांडणी अपुरी आहे. अशा उत्तरावर फुली मारू नका. «यात आणखी एखादा पूर्ण दडलाय का?» असं विचारा. दुसरी चूक जास्त फसवी आहे. १९ मधले ९ लिहायचे आणि हातचा १ घ्यायचा, असं करून ६ ९/१२ लिहितात. साध्या बेरजेत दहा झाले की हातचा जातो ही सवय इतकी मुरलेली असते, की हात आपोआप तसा चालतो. पण इथे दहाने एक होत नाही. बारांशांचा एक पूर्ण व्हायला बारा लागतात, मिनिटांचा एक तास व्हायला साठ. छेद जेवढा, तेवढे भाग झाले की एक हातचा. आणि तीन संख्या असतील तर हातचा दोनसुद्धा असू शकतो. ३/४ + ५/६ + ७/८ करून पाहा: १८/२४ + २०/२४ + २१/२४ = ५९/२४, म्हणजे २ ११/२४. हातचा नेहमी एकच असतो असं समजणारी मुलं इथे सापडतात.

आता तुमची रीत बरोबर की बाईंची? दोन्ही बरोबर. हे मी समेट घडवायला म्हणत नाही, गणित तसंच आहे. बाईंच्या रीतीने हेच उदाहरण असं होतं: १५/४ + १७/६ = ४५/१२ + ३४/१२ = ७९/१२. बारा सक बहात्तर, उरले सात, म्हणून ६ ७/१२. उत्तर तेच, आणि ते तेच यायलाच हवं.

मात्र माझं मत विचाराल तर बेरजेसाठी तुमची रीत सरस आहे. पूर्णांक लहान असताना फरक जाणवत नाही, ते मोठे झाले की जाणवतो. ४८ ५/१८ + २७ ७/२४ घ्या. पूर्णांक वेगळे ठेवले तर ७५ लगेच मिळतात, अपूर्णांक २०/७२ + २१/७२ = ४१/७२, आणि काम संपलं: ७५ ४१/७२. अंशाधिक करून गेलात तर ८६९/१८ + ६५५/२४, मग ३४७६/७२ + १९६५/७२, मग ५४४१/७२, आणि मग त्या ५४४१ ला ७२ ने भागून पुन्हा तेच ७५ पूर्णांक बाहेर काढायचे. जे पूर्ण हातात होते ते आधी फोडले आणि शेवटी पुन्हा जोडले. एवढ्या गुणाकार-भागाकारांत कुठेतरी हात चुकतोच.

मग शाळेत ती रीत का शिकवतात? त्यालाही सबळ कारण आहे. गुणाकारात आणि भागाकारात पूर्णांक असे वेगळे काढून चालत नाही. २ १/२ × ३ १/२ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणलं तर ६ १/४ येतात, खरं उत्तर मात्र ५/२ × ७/२ = ३५/४, म्हणजे ८ ३/४ आहे. अंशाधिक करण्याची रीत चारही क्रियांना चालते, म्हणून वर्गाला एकच रीत देणं सोयीचं पडतं. बाईंचं काही चुकत नाही. मुलाला सांगा, शाळेत बाई सांगतात तसं कर आणि ताळा पाहायला घरची रीत वापर. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की ते बरोबर असण्याची शक्यता फार वाढते. वादाचं कारणच उरत नाही, उलट तुमची रीत त्याच्या उपयोगी पडते.

समान छेद शोधण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण गाडं बहुधा तिथेही अडत असणार. सहावीतल्या मुलाला लसावि म्हटलं की मूळ अवयव पाडायची लांबलचक मांडणी आठवते. लहान छेदांसाठी तिची गरज नसते. मोठा छेद घ्या आणि त्याचा पाढा म्हणत चला. धाकट्या छेदाने भाग जाईल तिथे थांबा. ४ आणि ६ साठी: ६ ला ४ ने भाग जात नाही, १२ ला जातो. १८ आणि २४ साठी: २४ नाही, ४८ नाही, ७२ हो. संपलं.

लसावि सापडलाच नाही तर दोन्ही छेदांचा गुणाकार घ्यायचा. तो छेदही चालतोच. ४ × ६ = २४ घेतले तर १८/२४ + २०/२४ = ३८/२४ = १ १४/२४, आणि संक्षिप्त रूप दिलं की १ ७/१२. मोठा छेद घेतला म्हणून मुलाला टोकू नका. त्यात चूक नाही, शेवटी थोडं जास्त काम आहे इतकंच.

या दोन्ही वाटा जुन्याच आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त समच्छेद करण्याच्या एकाच श्लोकात दोन्ही सांगितल्या आहेत. आधी सरळ वाट: प्रत्येक अपूर्णांकाचा अंश आणि छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणा. मग बुद्धिमानाची वाट: आधी दोन्ही छेदांना सामाईक संख्येने भागा आणि मग त्या लहान झालेल्या छेदांनी परस्परांना गुणा. त्यांच्याही आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त लसाविला «निरुद्ध» असं नाव देऊन तो अपूर्णांकांसाठी वापरला. भास्कराचार्यांची दुसरी वाट आजही मला सर्वांत चपळ वाटते. १८ आणि २४ दोघांनाही ६ ने भाग जातो, मिळतात ३ आणि ४. आता अदलाबदल करा: १८ छेद असलेल्या अपूर्णांकाला ४ ने गुणा, २४ छेद असलेल्याला ३ ने. दोघांचा छेद ७२ होतो. लसावि वेगळा काढावाच लागला नाही. एवढं लक्षात ठेवा, की ही युक्ती दोन अपूर्णांकांची आहे. तीन असतील तर आधी दोघांची बेरीज, मग तिसरा.

तीन संख्यांवरून आणखी एक. हात चालवण्याआधी उदाहरणाकडे नीट पाहायची सवय लावा. १ ३/४ + २ २/५ + ३ १/४ दिसलं की मुलं लगेच २० हा छेद करायला धावतात. पण ३/४ आणि १/४ मिळून सरळ १ होतो. पूर्णांक ६, त्यात तो १, उरले २/५. उत्तर ७ २/५, समच्छेद न करताच.

आता त्या रडारडीबद्दल. «मी गणितात कच्चीच होते» हे वाक्य तुम्ही मुलासमोर बोलत असाल तर कृपा करून थांबवा. तुम्ही ते प्रेमाने, त्याला धीर द्यायला म्हणता हे मला समजतं. पण त्याच्या कानांवर पडतं ते असं, की हे काही जणांना जमत नाही आणि मी त्यांच्यातलाच. शिवाय ते खरं दिसत नाही. पूर्णांक वेगळे ठेवायची तुमची रीत तुम्हाला इतक्या वर्षांनी आठवते आहे आणि ती या कामासाठी उत्तम आहे. तुम्हाला फक्त «का» याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. तीन उदाहरणं, आणि प्रत्येकाआधी अंदाज. अंदाज वहीत लिहून ठेवू दे, कितीही ओबडधोबड असला तरी: «सहापेक्षा जास्त, सातपेक्षा कमी» एवढं चालेल. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो, प्रत्येक अपूर्णांक अर्ध्यापेक्षा मोठा आहे की लहान. दोन्ही मोठे असतील तर एक हातचा नक्की येणार. दोन्ही लहान असतील तर नक्की येणार नाही. एक मोठा आणि एक लहान असेल तेव्हाच खरं मोजावं लागतं. उत्तर अंदाजाच्या बाहेर गेलं की तो स्वतः मागे वळेल, तुम्हाला काही म्हणावं लागणार नाही. आणि तो चिडला तर त्या दिवशी वही मिटा. थकलेल्या मुलाला अपूर्णांक शिकवता येत नाहीत, हे मी अगदी मनापासून सांगते.

सुरुवातीला ही उदाहरणं द्या. ४ १/२ + १ ३/८ सोपं आहे, एका छेदात दुसरा सामावलेला आहे आणि हातचा नाही, उत्तर ५ ७/८. मग २ २/३ + ३ ४/५: इथे छेदांचा गुणाकार हाच लसावि, हातचा येतो, उत्तर ६ ७/१५, आणि घड्याळावर ४० आणि ४८ मिनिटं मिळवून ताळा पाहता येतो. मग ५ ७/१० + २ ८/१५, ज्यात १५० ऐवजी ३० छेद पुरतो, उत्तर ८ ७/३०. त्यानंतर १ २/३ + २ ४/१२. इथे अपूर्णांक उरतच नाही, उत्तर नुसते ४, आणि मुलं ३ १२/१२ वर थांबतात का ते दिसतं. शेवटी २ ३/७ + १ ४/९. साठला ना सातने भाग जातो ना नवाने, म्हणून इथे घड्याळाची मदत नाही. पण दोन्ही अपूर्णांक अर्ध्यापेक्षा किंचितच लहान आहेत, तेव्हा उत्तर चारच्या आत पण चारच्या जवळ हवं, हे तो आधीच सांगू शकेल. २७/६३ आणि २८/६३ मिळून ५५/६३, म्हणजे ३ ५५/६३.